जुन्या गाडीचा ज्वर

वाई येथील एका गृहस्थांचें पत्र गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे आलें. पत्र चार पृष्ठांचें; पैकीं साडेतीन पृष्ठें एका मोटारगाडीविषयीं. या सदरांत आजवर शुद्धलेखन, तिथिनिर्णय, मुलांचें पाठांतर आणि फार तर न्हाणीघरांतील बंब एवढ्याच विषयांचा ऊहापोह झालेला. तेव्हां हें पत्र एखाद्या यंत्रज्ञाकडे धाडून मोकळें व्हावें असें प्रथम मनांत आलें. परंतु उरलेलें अर्धें पृष्ठ वाचल्यावर तसें करवेना. या गृहस्थांच्या पत्नीस मूत्रपिंडाचा विकार असून रक्तशुद्धीसाठीं त्यांस आठवड्यांतून दोनदां साताऱ्यास न्यावें लागतें. जातांना त्या कशाबशा बसतात, परततांना अगदीं गळून गेलेल्या असतात. एस. टी.च्या गर्दींत उभें राहणें त्यांच्यानें होत नाहीं आणि दर खेपेस भाड्याची गाडी करणें निवृत्तिवेतनांत बसत नाहीं. घरची गाडी आहे, पण ती वाटेंत तापते. एकदां तर लिंब फाट्यापाशीं भर दुपारीं पाऊण तास थांबावें लागलें, आणि त्या पाऊण तासांत आजारी माणूस मागच्या आसनावर डोळे मिटून पडून होतें.

गाडी १९९८ सालची मारुति ८००. नोंदणीचीं पंधरा वर्षें २०१३ सालीं संपलीं. त्यानंतर पांच-पांच वर्षांची मुदत तीनदां वाढवून घेतली. एका गॅरेजवाल्यानें सांगितलें, ‘हेड गॅस्केट गेलें आहे, इंजिन उघडावें लागेल,’ आणि जो खर्च सांगितला तो गाडी विकून येणाऱ्या किंमतीपेक्षां अधिक होता. दुसऱ्यानें इंजिनाकडे न पाहतांच ‘मोडींत काढा’ म्हणून सल्ला दिला. गृहस्थांचा प्रश्न एवढाच, कीं या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें?

आम्ही पडलों शाळामास्तर. आयुष्यभर शब्द चालविले, धातु चालविले, गाडी क्वचितच. तथापि आमच्या आळीच्या तोंडाशीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. सायंकाळीं त्यांच्या ओट्यावर बसून आम्हीं या विद्येचीं मूलतत्त्वें बरींच ऐकलेलीं आहेत, आणि त्यांची विचार करण्याची पद्धति व आमच्या तर्कशास्त्राची पद्धति यांत मोठेंसें अंतर नाहीं असें आमचें मत झालें आहे. आमच्या वैद्यकांत रोगाच्या ज्ञानासाठीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. चांगला मिस्त्री हीं पांचही वापरतो. नांवें मात्र त्याला ठाऊक नसतात. वाईट मिस्त्री पहिलें लक्षण पाहतांच थेट शस्त्रक्रियेस प्रवृत्त होतो.

आधीं संप्राप्ति, म्हणजे रोग घडतो कसा, तें पाहूं. सिलिंडरांत पेट्रोल जळतें तेव्हां ज्वालेचें तपमान २००० अंशांच्याही वर जातें, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचें इंजिनाचें डोकें घडविलेलें असतें तें ६६० अंशांवर वितळतें. मग डोकें शाबूत राहतें कसें? त्याच्या पोटांतील पोकळ्यांतून पाणी सतत खेळत असतें म्हणून. पेट्रोलांतील उष्णतेपैकीं स्थूलमानानें एक चतुर्थांशच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. सुमारें एक तृतीयांश या पाण्याच्या स्वाधीन होते आणि उरलेली बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. तापलेलें पाणी वरच्या नळीनें रेडिएटरांत येतें, तेथल्या बारीक नळ्यांतून उतरतांना वाऱ्यास उष्णता देतें आणि खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. पूर्वीं याला पंपही लागत नसे. फोर्ड कंपनीची ‘टी’ नांवाची गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्यांत, अगदीं आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर, ऊन पाणी हलकें म्हणून वर चढे आणि गार पाणी जड म्हणून खालीं बसे, एवढ्यावरच सारा व्यवहार चाले. आजच्या इंजिनास तो वेग पुरत नाहीं. म्हणून पट्ट्यावर फिरणारा पंप आला, आणि सकाळीं थंड इंजिन लवकर ऊन व्हावें म्हणून पाण्याची वाट कांहीं काळ अडविणारा थर्मोस्टॅट आला. हा द्वारपाल साधारणपणें ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान दार उघडतो.

राहिलें रेडिएटरचें झांकण. याचें महत्त्व पुष्कळांस कळत नाहीं. आमच्या भगिनीवर्गास मात्र तें एका वाक्यांत कळेल, कारण तें कुकरचें झांकण आहे. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. वाईस, उंचीमुळें, ९८ च्या आंतच. पांचगणीस ९६ च्या आसपास. परंतु कुकरांत दाब कोंडला म्हणजे तेंच पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. रेडिएटरचें झांकणही असाच दाब धरून ठेवतें. कुकरची रिंग सैल झाली म्हणजे बाजूनें वाफ जाते, पाणी आटतें आणि डाळ कच्ची राहते. झांकणाची रबरी चकती कडक झाली किंवा स्प्रिंग मऊ पडली म्हणजे गाडीचें पाणी अकालीं उकळतें आणि बाहेर पडतें. उष्णता पूर्वीइतकीच असते, सहन करण्याची मर्यादा तेवढी खालीं आलेली असते.

आम्हीं त्या गृहस्थांस उलट टपालीं प्रश्न धाडले. गाडी गर्दींत तापते कीं मोकळ्या रस्त्यावर? निघाल्यापासून किती वेळानें? पाणी कमी होतें का, आणि होत असल्यास तें कोठें जातें? कोणतें पाणी घालतां? आणि कांटा वर जातो तेव्हां गाडी खरोखरच तापलेली असते, कीं कांटाच खोटें बोलतो? हा शेवटचा प्रश्न विनोदाचा नव्हे. कांट्यास खबर देणारा जो सेन्सर असतो तो बिघडला तर थंड गाडीसही ज्वर दाखवितो, आणि अशा ज्वरावर लोकांनीं खर्च केल्याचीं उदाहरणें मिस्त्रींनीं पाहिलेलीं आहेत.

आठ दिवसांनीं उत्तर आलें, आणि तें इतकें चोख होतें कीं आमच्या वर्गांत असते तर आम्हीं त्यांस पहिला क्रमांक दिला असता. गणपति आळीच्या गर्दींत गाडी तापत नाहीं. कांटा चढूं लागला कीं समोरचा पंखा ऐकूं येण्याजोगा सुरू होतो आणि कांटा उतरतो. पांचवडला हमरस्त्यास लागल्यावर सत्तरच्या वेगानें दहा-पंधरा मिनिटें गेलीं कीं कांटा पाऊण रेघेवर जातो. एसी बंद करून वेग कमी केला कीं खालीं येतो. पाणी आठवड्यास अर्धा लिटर घालावें लागतें, पण घरापुढच्या शहाबादी फरशीवर थेंब दिसत नाहीं. झांकणाच्या गळ्याभोंवतीं पांढरी खपली धरली आहे. पाणी वाड्यांतील विहिरीचें. सहा वर्षें तेंच.

आतां अन्वय आणि व्यतिरेक लावून पाहावें. पंखा नादुरुस्त असता तर गाडी गर्दींत, जेथें वारा नाहीं तेथें, तापली असती आणि हमरस्त्यावर, जेथें वारा आपोआप लागतो तेथें, निवली असती. येथें नेमकें उलट घडतें, पंखा निर्दोष. थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असता तर गांवाची वेस ओलांडण्यापूर्वींच, कोठेंही, कांटा चढला असता. पट्टा तुटला असता तर पंपाबरोबर बॅटरी भरणारें यंत्रही थांबून समोर तांबडा दिवा लागला असता. तसा दिवा लागून कांटा चढूं लागला तर गाडी त्याच क्षणीं थांबवावी, ही गोष्ट प्रत्येक चालकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पंपाखालीं ओल नाहीं, घरघर नाहीं. त्याच्यावर संशय घेण्यास तूर्त आधार नाहीं. उरतें काय? कमी उष्णता असतांना रेडिएटर पुरतो, अधिक असतांना पुरत नाहीं. अर्थात् त्याची शक्ति क्षीण झाली आहे. आणि पाणी खालीं न गळतां वरून नाहींसें होतें, गळ्यापाशीं खपली सोडून जातें. अर्थात् झांकण दाब धरीत नाहीं.

परंतु गॅरेजवाल्याचा पक्षही ऐकून घेतला पाहिजे. त्याचा हेतु असा, कीं तेल घालण्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस दुधट, लोण्यासारखा थर दिसला. सबब पाणी तेलांत मिसळत आहे. सबब गॅस्केट गेलें आहे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा हेतु सव्यभिचार आहे हें लगेच दिसेल. गॅस्केट गेलें असतां हा थर येतो हें खरें, पण गॅस्केट शाबूत असतांही तो येतो. गाडी पावसाळ्यांत रोज दोन किलोमीटर बाजारापुरती चालली आणि इंजिन कधींच पुरतें ऊन झालें नाहीं, तर हवेंतील दमटपणा त्या झांकणाखालीं थिजून हेंच रूप धारण करतो. जो हेतु दोन्हीकडे राहतो त्यावरून निश्चय करून एखाद्याच्या पेन्शनला हात घालणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

निश्चय करणारीं लक्षणें निराळीं आहेत. तेल मोजण्याच्या पट्टीवरचें तेल चहासारखें झालें आहे का? सायलेन्सरमधून इंजिन ऊन झाल्यावरही दाट पांढरा, किंचित् गोडसर वासाचा धूर येतो का? सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना, झांकण काढून रेडिएटर कांठोकांठ भरावा, गाडी सुरू करावी आणि पाहावें: एकसारखे बुडबुडे येत राहिले तर जळका वायु पाण्यांत शिरत आहे. हल्लीं एक निळें द्रावणही मिळतें. रेडिएटरच्या तोंडाशीं धरलें असतां तो वायु असेल तर तें पिवळें पडतें. या परीक्षांस पांच मिनिटें लागतात. गृहस्थांनीं साताऱ्यांतील एका दुसऱ्या मिस्त्रीकडून त्या सर्व करविल्या. पट्टीवरचें तेल स्वच्छ, धूर नाहीं, बुडबुडा नाहीं, द्रावण निळेंच.

मग उपशय. औषध देऊन गुण येतो का यावरून रोग ओळखणें, हें संशयाच्या प्रसंगीं प्रशस्त मानलें आहे. मात्र एका वेळीं एकच औषध द्यावें, नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं. प्रथम सर्वांत स्वस्त तें, म्हणजे नवें झांकण. तें घेतांना जुन्यावर दाबाचा जो आंकडा छापलेला असतो तोच नव्यावर पाहून घ्यावा. अधिक दाबाचें घेतल्यास जुन्या नळ्या फुटतात. झांकण बदलल्यावर पाणी कमी होणें थांबलें, पण कांटा हमरस्त्यावर चढतच राहिला. म्हणजे रोग दोन होते, एक नव्हे.

दुसरें, रेडिएटरची बाहेरची जाळी धुतली. उसाच्या पट्ट्यांत राहणाऱ्यांनीं हें वर्षांतून एकदां करावें. धूळ, किडे आणि पाचटाचा भुगा यांनीं जाळीचें अस्तरच होऊन जातें. पाणी मंद धारेनें इंजिनाच्या बाजूनें पुढें सोडावें. जोराच्या धारेनें पातळ पत्रे मुडपतात. यानें थोडा गुण आला. शेवटीं मिस्त्रीनें पिस्तुलाच्या आकाराचें, दुरूनच तपमान सांगणारें यंत्र रेडिएटरवरून फिरविलें. एका कडेस आंकडा ऐंशींच्या घरांत, मध्यभागीं त्याहून पुष्कळ खालीं. ज्या नळ्या गार, त्यांतून पाणी वाहतच नव्हतें. रेडिएटर काढून पाहिला तेव्हां नळ्यांच्या तोंडांशीं तोच पांढरा क्षार, जो आमच्या आजीच्या बंबांत बसे आणि दिवाळीपूर्वीं खरवडून काढावा लागे. विहिरीच्या जड पाण्याचें सहा वर्षांचें हें संचित.

रेडिएटर तांब्यापितळेचा असेल तर टांक्या उघडून, सळ्या घालून, म्हणजे ज्याला हे कारागीर रॉडिंग म्हणतात तें करून, नळ्या मोकळ्या होतात. प्लॅस्टिकच्या टांक्यांचा असेल तर बदलणेंच बरें. येथें बदलला. इंजिन उघडण्याचा जो खर्च सांगितला होता त्याच्या लहानशा अंशांत तें काम झालें.

आणखी एक गंमत निघाली. थर्मोस्टॅटच्या जागीं कांहींच नव्हतें! कोणीतरी पूर्वींच तो काढून टाकला होता. आपल्याकडे ‘उष्ण देशांत हा लागत नाहीं’ असा एक समज मिस्त्रीवर्गांत रूढ आहे आणि त्याविषयीं आम्ही मुळींच सहमत नाहीं. दार कायमचें उघडें राहिल्यास इंजिन पुरतें ऊन होत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें, झीज वाढते, आणि तेलाच्या झांकणाखालचा तो फसवा दुधट थरही अधिक येतो. गॅरेजवाल्याच्या भ्रमाचें मूळ येथें असावें असा आमचा तर्क आहे. नवा थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वीं गृहस्थांनीं तो घरींच तपासला: एका जुन्या पातेल्यांत दोऱ्यानें टांगून, बुडास न टेकतां, शेजारीं तापमापक ठेवून पाणी तापविलें. ८२ अंशांच्या सुमारास दार हलूं लागलें. पातेलें मात्र पुन्हां स्वयंपाकास वापरूं नये.

आंत आतां विहिरीचें पाणी नाहीं. कूलंट व शुद्ध जल निम्मेंनिम्म. कूलंटमुळें उकळण्याची मर्यादा वाढते, गंज धरत नाहीं, आणि डबा सांगेल त्याप्रमाणें, साधारण दोन वर्षांनीं, तें बदलावें लागतें. एक सूचना गृहिणींसाठीं: यांतील ग्लायकोल हें द्रव्य चवीला गोड आणि प्रकृतीला घातक विष आहे. उरलेला डबा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि काढलेलें जुनें पाणी अंगणांत ओतूं नये. कुत्रीं-मांजरें तें चाटतात आणि दगावतात.

वाटेंत गाडी तापलीच तर काय करावें, हेंही गृहस्थांनीं विचारलें होतें. एसी तत्काळ बंद करावा. हीटर असेल तर तो पूर्ण उघडावा व त्याचा पंखा जोरानें लावावा. उन्हाळ्यांत हें शिक्षेसारखें वाटतें खरें, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच होय. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. कांटा उतरला नाहीं तर सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें. चढलेला कांटा एकाएकीं खालीं आला म्हणून हर्ष मानूं नये. पाणी इतकें कमी झालें असेल कीं सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला असेल, आणि ती अवस्था सर्वांत भयंकर. अर्धा तास तरी झांकणास हात लावूं नये. उकळत्या कुकरचें झांकण कोणी ओढून काढीत नाहीं. येथें मात्र शहाणीं माणसें तें करतात आणि तोंड, मान, हात भाजून घेतात. तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतल्यास डोक्यास तडा जाऊं शकतो. आणि ‘घर जवळ आहे, कसेंबसें नेऊं’ हा विचार करूं नये, कारण अ‍ॅल्युमिनियमचें डोकें अशाच शेवटच्या दोन किलोमीटरांत वांकडें होतें; मग खरोखरीच इंजिन उघडून फेसिंग करावें लागतें.

श्रावणापासून आजतागाईत साताऱ्याच्या तीसहून अधिक खेपा झाल्या. कांटा मध्याच्या किंचित् खालीं येऊन उभा राहतो, असें गृहस्थ लिहितात. पाण्याची पातळी ते दर रविवारीं, गाडी थंड असतांना, पाहतात आणि वहींत मांडून ठेवतात. त्यांच्या पत्नींनीं पत्राखालीं स्वतःच्या अक्षरांत दोन ओळी घातल्या आहेत, त्यांत गाडीचा उल्लेख नाहीं. डाळिंबाच्या वड्यांत साखर किती घालावी तें विचारलें आहे, जरी त्यांना स्वतःला डाळिंब वर्ज्य आहे. नातवासाठीं असावें. तें उत्तर आमच्या घरांतून स्वतंत्र पाठविलें जाईल.

याच गाडीनें पसरणीचा घाट चढून पांचगणीस बहिणीकडे जावें काय, असा गृहस्थांचा नवा प्रश्न आहे. आमच्या मिस्त्रींचें म्हणणें, जावें. पण सकाळीं लवकर निघावें, चढावर एसी लावूं नये, इंजिन कण्हूं लागण्यापूर्वींच खालचा गिअर घ्यावा म्हणजे पंप वेगानें फिरतो, आणि पहिल्या खेपेस गाडींत दोघांहून अधिक माणसें बसवूं नयेत.